नळाला हात न लावता : शाळा, जंतू आणि आपली देणगी

मध्य प्रदेशात शाळांचं नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होत असलं, तरी शाळा खऱ्या अर्थाने भरते ती उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर, जूनच्या मध्यावर. थोड्याच दिवसांत पाऊस येतो आणि घरोघरी सर्दी, उलट्या-जुलाब, डोळे येणं हा नेहमीचा क्रम सुरू होतो. वर्गातल्या एका मुलाला झालं की आठवड्याभरात शेजारच्या बाकांवरची मुलं गैरहजर. ज्या घरात आजी-आजोबा आहेत तिथे हे दुखणं पुढे कुणाकडे जातं, तेही आपण सगळे जाणतो. म्हणून शाळेतला नळ, दाराची कडी आणि पाण्याचा कूलर हे विषय दिसतात तितके किरकोळ नाहीत.

करोनानंतर या प्रश्नाचं एक तयार उत्तर बाजारात मिळू लागलं आहे : स्पर्शमुक्त उपकरणं. हात पुढे केला की वाहणारा नळ, आपोआप साबण देणारा डबा, चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र. आपल्या समाजात नातवंडांच्या वाढदिवसाला किंवा आई-वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला एखादी वस्तू भेट देण्याची चांगली पद्धत आहे. पूर्वी पंखे, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याची टाकी दिली जाई. आता सेन्सरचा नळ द्यावा का, असा विचार साहजिकच मनात येतो. तो कल्पना म्हणून चुकीचा नाही. पण पाकीट उघडण्याआधी थोडा हिशोब मांडायला हवा, एवढ्यासाठी हा लेख.

सुरुवात आपल्याच राज्यातल्या एका छान उदाहरणाने करू. जून २०२० मध्ये देवळं पुन्हा उघडली तेव्हा घंटेला हात लावायला मनाई होती. मंदसौरच्या पशुपतिनाथ मंदिरात तिथल्याच एका ज्येष्ठ मुस्लिम कारागिराने सेन्सर बसवून घंटा अशी केली, की भाविक खाली येऊन उभा राहिला की ती आपोआप वाजते. देशभर त्याची बातमी झाली. त्याच काळात दुर्गापूरच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने साबण आणि पाणी दोन्ही देणारा स्पर्शमुक्त नळ तयार केला. जुलै २०२० मध्ये कपूरथळ्याच्या रेल्वे कोच फॅक्टरीने एक डबा बनवला, त्यात पाण्याचा नळ, साबण आणि स्वच्छतागृहाचं दार पायाने चालणारं होतं. अडचण आली की आपल्याकडची माणसं हातात पाना घेऊन उभी राहतात, याचं कौतुक वाटतं.

याच लाटेत काही निव्वळ चुकीच्या गोष्टीही आल्या. माणसावर जंतुनाशक फवारणारे बोगदे आठवत असतील. बाजारांच्या आणि दवाखान्यांच्या दारात ते उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच सांगितलं होतं, की माणसाच्या अंगावर अशी फवारणी करू नये, ती उपयोगाची नाही आणि अपायकारक आहे. तरी बोगदे चालूच राहिले. शेवटी ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्यांच्यावर बंदी घालण्याचे निर्देश सरकारला द्यावे लागले. डोळ्यांना दिसणारं, आवाज करणारं, उद्घाटन करता येणारं यंत्र लोकांना दिलासा देतं. त्याने आजार कमी होतो की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

करोनाच्या बाबतीत हा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. सुरुवातीला प्रयोगशाळेत दिसलं होतं की हा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत टिकतो. आपण सगळे भाजी धुऊन आणि दुधाच्या पिशव्या पुसून घरात घेऊ लागलो, ते त्यामुळेच. पण विषाणू टिकणं आणि त्यातून माणूस आजारी पडणं यात बरंच अंतर आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागण्यातून करोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. हा आजार मुख्यतः हवेतून पसरत होता.

आपल्या राज्यातली आकडेवारी तर जास्तच बोलकी आहे. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने देशभर रक्ततपासणीचं चौथं सर्वेक्षण केलं. ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं आढळली. राज्यांमध्ये सर्वात वरचा आकडा मध्य प्रदेशचा होता, ७९ टक्के. त्या वेळी लहान मुलांची लस नव्हती आणि आपल्याकडे प्राथमिक शाळा उघडल्या त्या २० सप्टेंबर २०२१ ला. म्हणजे शाळेच्या नळाला, बाकाला, कडीला हातही न लावता निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. घरातून, शेजारातून, लग्नकार्यातून. हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी शाळेला हवी ती उघडणारी खिडकी आणि चालणारा पंखा. आजही कित्येक वर्गांच्या खिडक्या गंजून किंवा रंगाने चिकटून कायमच्या बंद असतात, आणि एखाद्या खिडकीला नवी बिजागरी बसवण्यासाठी मात्र देणगीदार मिळत नाही.

मग स्पर्शाचं काही महत्त्वच नाही का? आहे, आणि भरपूर आहे; फक्त आजार वेगळे आहेत. जुलाब, उलट्या, कावीळ, जंत, त्वचेचे फोड, डोळे येणं हे सगळे हाताने फिरणारे आजार. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांची साथ आली होती. महाराष्ट्रातही आली, भोपाळमध्येही आली. डोळे आलेल्याकडे पाहिलं की आपलेही येतात, अशी समजूत तेव्हा पुन्हा ऐकू आली. पाहिल्याने काही होत नाही. चोळलेला डोळा, तोच हात बाकावर किंवा मित्राच्या खांद्यावर, मग मित्राचा हात स्वतःच्या डोळ्याला, असा तो प्रवास असतो. जुलाबाचंही तसंच. इथे हात धुण्याला तोड नाही.

किती फरक पडतो, याचा एक फार चांगला अभ्यास आपल्या शेजारीच झाला. कराचीच्या झोपडवस्त्यांमध्ये काही कुटुंबांना नियमित साबण दिला आणि हात धुण्याची सवय लावली. काही कुटुंबांत तसं केलं नाही. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हात धुणाऱ्या घरांतल्या १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी होतं आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनियाचं ५० टक्क्यांनी. दुसरी गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी : साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांच्या परिणामात फरक आढळला नाही. म्हणजे जाहिरातीतला महाग साबण नको. वडी साधी असली तरी चालेल, ती संपली की दुसरी यायला हवी. सॅनिटायझरही साबणाची जागा घेऊ शकत नाही. मातीने माखलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा प्रभाव कमी पडतो. खो-खो खेळून आलेल्या मुलाला पाणीच लागतं.

आता नळाचा प्रश्न. फिरवण्याच्या नळात एक खोट आहेच. अस्वच्छ हाताने तो उघडायचा, हात धुवायचे आणि मग त्याच चावीला धरून बंद करायचा. स्पर्शमुक्त नळ ही खोट दूर करतो, शिवाय पाणीही वाचवतो, कारण मुलं नळ बंद करायला विसरतात. सेन्सरच्या बाजूचे हे दोन मुद्दे खरे आहेत आणि ते मान्य करायलाच हवेत.

पण तो चालतो कसा, ते पाहू. नळाच्या तोंडाशी एक बारीक अवरक्त किरण सोडणारा दिवा असतो आणि परत आलेला किरण टिपणारा डोळा. हात पुढे आला की किरण परततो, विजेवर चालणारी एक छोटी झडप उघडते, पाणी येतं. त्याला बॅटरी किंवा वीज लागते, पाण्याचा ठरावीक दाब लागतो आणि स्वच्छ पाणी लागतं. भोपाळमधलं पाणी मोठ्या तलावातून, कोलार धरणातून, नर्मदेतून येतं. अनेक शाळा बोअरिंगवरही आहेत. ते गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून कमी दाबाने उतरतं. बोअरिंगच्या जड पाण्याचा पांढरा थर झडपेत बसतो, गाळ जाळीत अडकतो. साधा नळ बिघडला तर शिपाई वायसर बदलतो. सेन्सरचा बिघडला तर कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, आणि शाळेच्या खर्चाच्या वहीत त्यासाठी रकाना नसतो. मग नळ बंद, मुलं हात न धुता डब्याकडे. ज्या उपकरणाने जंतू कमी व्हायचे त्याने ते वाढवले, असा उलटा प्रकार होतो.

मोठमोठ्या ठिकाणीही असं घडतं. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय जगातल्या नामांकित रुग्णालयांपैकी एक. तिथल्या संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केलं, की त्यांच्याकडच्या सेन्सरच्या नळांतून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी ५० टक्क्यांत लिजिओनेला हे जंतू सापडले, साध्या नळांत १५ टक्क्यांत. सेन्सरच्या नळात झडपांची गुंतागुंत जास्त, त्यामुळे आत जंतूंना थारा मिळतो, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी हे नळ काढून पुन्हा साधे बसवायला घेतले. रुग्णालयातल्या अशक्त रुग्णांना जो धोका असतो तो धडधाकट मुलांना तेवढा नसतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. हात लागला नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असं मात्र गृहीत धरता येत नाही.

माझ्या मते खरी गोम स्पर्शात नाही, संख्येत आहे. समजा शाळेत ३०० मुलं आहेत आणि सहा नळ. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. एका मुलाने नळापाशी उभं राहून साबण लावून नीट हात धुतले तर ४० सेकंद जातात. ३०० मुलांचे झाले १२,००० सेकंद. सहा नळांत वाटले तर २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं. हात धुऊन होईपर्यंत सुट्टी संपलेली! साहजिकच मुलं दोन बोटं ओली करून पळतात. त्यांना शिस्त नाही असं आपण म्हणतो, पण गणितच तसं आहे. सेन्सर बसवल्याने ते बदलत नाही. उलट त्याच पैशात नळ कमी येतात, कारण साधा नळ शेकड्यांत मिळतो आणि सेन्सरचा हजारांत. रांगेत असतानाच साबण लावून हात चोळायला सांगितले तर नळापाशी २० सेकंद पुरतात आणि वेळ निम्मा होतो. नळ बाराच्या घरात नेले तर साधारण आठ मिनिटांत सगळी शाळा मोकळी.

यावर जगात एक साधा उपाय निघाला आहे, आणि तो पूर्णपणे स्पर्शमुक्त आहे. एक लांब पाइप, त्याला ठरावीक अंतरावर भोकं, खाली पन्हळ. एका टोकाला एकच चावी, ती शिक्षक किंवा मोठ्या वर्गातला मुलगा उघडतो आणि बंद करतो. दहा-पंधरा मुलं एका वेळी हात धुतात, कुणीच नळाला हात लावत नाही. फिलिपिन्समधल्या शाळांनी ‘फिट फॉर स्कूल’ या कार्यक्रमात हात धुण्याची अशीच सामूहिक पद्धत रोजच्या वेळापत्रकात बसवली. पाणीच नसलेल्या ठिकाणी झिंबाब्वेतून पसरलेली ‘टिपी टॅप’ची युक्ती आहे : दोरीला टांगलेला डबा, पायाशी काठी, काठी दाबली की डबा कलतो. पायाने दाबायचा नळ, दवाखान्यात असतो तसा कोपराने ढकलायचा लांब दांडीचा नळ, पायाने उघडणारी कचरापेटी ही सगळी त्याच कुळातली. वर्गाचं दार शाळेच्या वेळात उघडं अडकवून ठेवणं हे तर फुकटचं स्पर्शमुक्त दार झालं! भेलच्या कारखान्यात आयुष्य घालवलेली जी मंडळी आपल्यात आहेत, त्यांना असा पाइप आणि पन्हळ बनवून घेणं म्हणजे एका रविवारचं काम.

आणि हात धुण्याच्या बाबतीत मध्य प्रदेशच्या नावावर एक जागतिक विक्रम आहे, हे नव्या पिढीला कदाचित माहीत नसेल. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी, जागतिक हातधुणी दिनाला, राज्याच्या ५१ जिल्ह्यांत १३,१९६ ठिकाणी १२,७६,४२५ मुलांनी एकाच दिवशी हात धुतले आणि गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे ठिकाणामागे सरासरी ९७ मुलं. सेन्सर कुठेच नव्हते. शिक्षक, बादल्या, मग आणि साबण एवढ्यावर ते पार पडलं. एक दिवस जमलं ते रोज का जमू नये, याचं उत्तर मात्र गिनीज बुकात मिळत नाही.

ते सरकारी आकड्यांच्या आणि प्रत्यक्ष भेटीच्या फरकात दडलेलं आहे. शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातल्या ९५.९ टक्के शाळांत हात धुण्याची सोय आहे, ९९.३ टक्के शाळांत पिण्याचं पाणी आणि ९७.३ टक्के शाळांत मुलींची स्वच्छतागृहं. ‘असर’ २०२४ च्या स्वयंसेवकांनी ग्रामीण सरकारी शाळांना प्रत्यक्ष भेटी दिल्या तेव्हा पिण्याचं पाणी ७७.७ टक्के शाळांत मिळालं आणि मुलींचं वापरण्याजोगं स्वच्छतागृह ७२ टक्के शाळांत. दोन्हींची व्याप्ती आणि पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकडे थेट एकमेकांतून वजा करता येणार नाहीत. तरी वस्तू असणं आणि त्या दिवशी ती चालू असणं यातली दरी पुरेशी स्पष्ट होते. नवं उपकरण आलं की पहिल्या आकड्यात भर पडते; दुसऱ्यात पडेलच असं नाही. मुलीचं स्वच्छतागृह कोरडं असेल तर ती दिवसभर पाणीच पीत नाही, हे आपल्या घरातल्या शिक्षिका सांगतील.

‘स्पर्शमुक्त’ या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. करोनाच्या दिवसांत आपल्याकडे एक सूर निघाला होता, की नमस्कार, सोवळं, वरून पाणी पिणं हे सगळं पूर्वजांनी जंतूंचा विचार करूनच ठेवलं होतं. नमस्कार चांगलाच आणि ओठ न लावता पाणी पिणं तर फारच चांगलं. पण न शिवण्याचा आपल्या शाळांमधला इतिहास इतका निरागस नाही. याच राज्यातल्या महू इथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत लहानपणची शाळा सांगितली आहे. सगळ्या मुलांना नळावर जाऊन पाणी पिता येई. त्यांना मात्र नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई येऊन नळ उघडेल तेव्हाच पाणी, आणि शिपाई नसला की तहानलेलं राहायचं. नळाला हात न लावता पाणी मिळण्याची ती व्यवस्था होती, आणि तिचा आरोग्याशी काडीचा संबंध नव्हता. म्हणून शाळेत नळाची चावी कुणाच्या हाती असावी हे ठरवताना सावध असावं. ते काम आळीपाळीने सगळ्या मुलांकडे जावं, आणि साफसफाई ठरावीक मुलांच्याच वाट्याला येऊ नये.

मग देणगीचं काय? देऊ इच्छिणाऱ्यांनी आधी शाळेत जाऊन दोन-तीन प्रश्न विचारावेत, असं मी सुचवेन. डब्याच्या वेळी किती मुलं आणि किती चालू नळ? साबण कोण आणतं आणि संपला की किती दिवसांनी येतो? नळ बिघडला तर प्लंबरचे पैसे कुठून येतात? सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे प्रश्न तिथे मांडता येतात, आणि विचारणारा बाहेरचा श्रीमंत पाहुणा वाटत नाही. जिथे वीज, दाब आणि देखभालीची सोय पक्की आहे, अशा मोठ्या खासगी शाळेत सेन्सरचे नळ खुशाल बसवावेत. त्यांनी पाणी वाचेल. इतरत्र भोकांचा पाइप, पायाचा नळ, वर्षभराचा साबण आणि प्लंबरचं वार्षिक मानधन द्यावं. स्मरणार्थ लावायची पाटी पन्हळीवरही लावता येते.

वेळेचंही भान हवं. शाळा दीड महिना बंद असते तेव्हा टाकीतलं आणि नळांतलं पाणी उन्हात तसंच साचून राहतं. शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात टाकी रिकामी करून घासून घ्यावी, झाकण घट्ट बसतं का पाहावं, आणि पहिल्या दिवशी मुलं येण्यापूर्वी प्रत्येक नळ, सेन्सरचा असो वा साधा, काही मिनिटं मोकळा वाहू द्यावा. हे काम सहसा शिपायावर सोडलेलं असतं, आणि जूनच्या त्या आठवड्यात तो पुस्तकांचे गठ्ठे उतरवण्यात गुंतलेला असतो. त्याच्या मदतीला दोन पालक जरी गेले तरी अर्ध्या दिवसात होतं.